तिसरी खेप

माझ्या नवऱ्याला सगळे डॉक्टर म्हणतात. डॉक्टर तो नाही. गाईंना कृत्रिम रेतन कसं करायचं याचं शिक्षण घेतलेला माणूस आहे. पण गोठेवाल्यांना काय त्याचं? ज्याच्या हातून गाय गाभण राहते तो त्यांचा डॉक्टर. मोटारसायकलच्या मागे थंड वाफा सोडणारं एक भांडं, त्यात वळूंच्या बीजाच्या गोठवलेल्या कांड्या, खांद्यापर्यंत चढणारा प्लॅस्टिकचा हातमोजा आणि कांडी बसवून बीज आत सोडायची एक लांब पोलादी गन, एवढ्या सामानावर त्याने आसपासचे सगळे गोठे धरून ठेवले होते. त्याच्या हाताला गुण आहे असं लोक म्हणत. त्याचा हात लागलेली गाय उलटत नाही, म्हणजे पुन्हा माजावर येत नाही, पहिल्याच खेपेला फळते, अशी त्याची ख्याती होती.

आणि घरी मी. लग्नाला इतकी वर्षं होऊन रिकामी. दिव्याखाली अंधार असं लोक म्हणायचे. त्याच्या तोंडावर नाही म्हणायचे, माझ्या तोंडावर म्हणायचे.

पूर्वी मी त्याला अहो म्हणायचे. चारचौघांत बोलताना 'आमचे हे' म्हणायचे. आता 'तो' म्हणते. ज्यांना हे खटकेल त्यांनी पुढचं ऐकावं आणि मग मला शिकवावं.

घरात आम्ही तिघंच. तो, मी आणि सासूबाई. मागच्या अंगाला आमचा स्वतःचा गोठा, आणि तो सासूबाईंच्या ताब्यात. कुठली गाय ठेवायची, कुठली काढायची, कुणाला किती पेंड घालायची, सगळं त्यांच्या जिभेवर. त्यांना माणसांशी वेगळं आणि जनावरांशी वेगळं बोलता येत नसे. माझ्या माहेरचं म्हणाल तर आईवडील कधीच गेलेले, एक थोरला भाऊ. दादा बस चालवतो. सरळ माणूस आहे. इतका सरळ की रस्त्यात कुणी आडवं आलं तर तोच ब्रेक लावतो आणि तोच सॉरी म्हणतो.

मोठ्या दवाखान्यात जायचं मीच ठरवलं. तो तयार नव्हता. "दुसऱ्याच्या दारात जाऊन मी काय सांगू, मी हेच काम करतो म्हणून?" असं त्याचं म्हणणं. पण गेला. तिथल्या मॅडम सावकाश बोलणाऱ्या होत्या. तपासण्या झाल्यावर त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. त्याच्यात दोष नव्हता, माझी बीजंही ठीक होती. अडचण होती ती गर्भपिशवीच्या तोंडाशी. तिथल्या पाण्यात त्याचं बीज टिकत नव्हतं, आत पोचायच्या आधीच मरत होतं. तेव्हा ते तोंड ओलांडून बारीक नळीने थेट आत सोडायचं. त्याआधी काही दिवस पोटात इंजेक्शनं घ्यायची, म्हणजे माझं एखाद-दुसरं बीज नीट पिकेल. "आणि त्यांचा नमुना आम्ही इथे लॅबमध्ये धुतो," मॅडम म्हणाल्या. "धुतल्याशिवाय तो पिशवीत जाता कामा नये. पिशवी भडकते."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं. तो तेव्हा भिंतीवरचं प्रमाणपत्र वाचत होता.

इंजेक्शनं घरीच घ्यायची होती आणि घरात हात चालणारा माणूस होताच. त्याची एक सवय होती. गाईला सुई टोचण्याआधी तळहाताने जोरजोरात थोपटायचं, म्हणजे जनावर दचकत नाही, आणि त्याच दणक्यात सुई घालायची. माझ्या पोटावरही तो तसाच थोपटायचा. थोपटता थोपटता टोचायचा आणि तोंडाने म्हणायचा, "हं, हं, उभी राहा." मी उभीच असायचे. पहिल्या दिवशी मला हसू आलं. इतकं हसू आलं की सुई हलली आणि पोटावर काळानिळा डाग पडला.

पहिली खेप वाया गेली. दुसरीही गेली. दुसऱ्या वेळी पाळी चार दिवस लांबली होती आणि त्या चार दिवसांत मी गोठ्यात जाताना पायाखाली बघून चालत होते. पाचव्या दिवशी मी न्हाणीघरात बसून तोंडात टॉवेल कोंबून रडले. बाहेर तो फोनवर कुणा गोठेवाल्याशी बोलत होता. पलीकडच्याने घरची चौकशी केली असावी, कारण तो म्हणाला, "आमच्याकडचं? दोनदा उलटली."

त्या दिवशी जेवताना सासूबाईंनी विषय काढला. त्या नेहमी जेवतानाच विषय काढायच्या, कारण जेवताना माणूस उठून जात नाही.

"दोनदा उलटली," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा उलटली तर आपण गोठ्यात ठेवत नाही. मग ती कितीही लाडकी असो."

मी त्याच्याकडे पाहिलं. आता म्हणेल, आई, काय बोलतेस. त्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"माझ्या मावसबहिणीची सून आहे," सासूबाई पुढे म्हणाल्या. "नवरा गेला बिचारीचा. कडेवर पोर आहे. म्हणजे एकदा व्यालेली, पहिल्या वेताची. खात्री करून घ्यायला नको." आणि स्वतःच्याच विनोदावर त्या खुसूखुसू हसल्या.

तेव्हा तिसरी खेप म्हणजे काय, हे मला स्वच्छ कळलं होतं. राहिलं तर मी या घरात राहणार. नाही राहिलं तर माझं गाठोडं दादाच्या दारात. आणि नुसतं घराचं म्हणाल तर तेही खरं नाही. मला मूल हवं होतं. दुसऱ्याचं रडणारं मूल पाहिलं की माझे हात आपोआप पुढे जायचे आणि मग मी ते मागे घ्यायचे. हे मी कुणापासून लपवलेलं नाही, आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही.

तिसऱ्या वेळची इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तो एका कुपीतलं औषध ओढून झालं की दुसरीही फोडतोय.

"अहो, मॅडमनी एकच सांगितलीय ना?"

"बायकांची मापं घाबरून काढलेली असतात. अडेल गाईला थोडं चढंच द्यावं लागतं."

"मॅडमना विचारलंत का?"

"ती मला विचारून काम करते का?" तो म्हणाला आणि थोपटायला लागला.

जादा कुप्या त्याने ओळखीच्या औषधवाल्याकडून आणल्या होत्या. अति तिथे माती हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही. गोठेवाल्यांना तो रोज हेच सांगायचा, पेंड जास्त घालू नका, पोट फुगेल. पण लोकांना सांगायची अक्कल घरी वापरायची नसते.

माझं पोट जड झालं. वाकलं की दोन्ही बाजूंना ताण बसायचा. ठरल्या दिवशी मॅडमनी सोनोग्राफी लावली आणि त्यांचा हात मध्येच थांबला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"औषध सांगितलं तेवढंच घेतलंत ना?"

मी त्याच्याकडे पाहिलं.

"एक थेंब जास्त नाही," तो म्हणाला.

मॅडमनी माझ्या पोटावरचं यंत्र उचललं. "या वेळी थांबायचं. खूप बीजं पिकली आहेत. आता यांचं बीज आत सोडायचं नाही, पिकलेली बीजं फोडायचं इंजेक्शन द्यायचं नाही. घरीसुद्धा जवळ यायचं नाही. चार-पाच एकदम राहिली तर यांच्या जिवावर बेतेल. पोट फुगलं, दम लागला, लघवी कमी झाली तर लगेच इथे यायचं, विचारत बसायचं नाही. पुढच्या वेळी कमी औषधावर बघू."

त्यांचं बोलणं मी ऐकत होते. तो पडद्याकडे बघत होता. बाजारात भरलेली कास बघताना गिऱ्हाईक जसं तोंड करतं, तसं त्याचं तोंड झालं होतं.

घरी आलो. त्याने गाडी लावली, सरळ गोठ्यात गेला आणि म्हणाला, "आई, अख्खा घड लागलाय."

सासूबाई दूध गाळत होत्या. "मग?"

"मग काय, ती बाई म्हणते सोडून द्या."

"सोडून द्या? आणि ही तिसरी धरायची की नाही?"

मी दारात उभी होते. मला वाटलं, नाही धरणार. झालंच नाही तर धरणार कशी? मी तसं बोललेही. म्हणाले, "आई, या वेळी काही केलंच नाही तर ही खेप कशी होईल?"

"माज आला की खेप झाली," सासूबाई म्हणाल्या. "भरवली नाही हा आपला गाढवपणा."

त्यांनी फडकं पिळलं आणि दांडीवर टाकलं. तो माझ्याकडे बघत होता. तसं तो माझ्याकडे फार दिवसांनी बघत होता.

"रोज मी हेच काम करतो," तो म्हणाला. "हजारो केली. आणि घरच्या कामाला बाहेरची बाई?"

"ते लोक आधी धुतात," मी म्हणाले. "मॅडमनी सांगितलंय. धुतल्याशिवाय आत जाता कामा नये."

तो हसला. "वळू काय आंघोळ करून येतो?"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. मीही हसले थोडी. त्या घरात राहून मला हसायची सवय लागली होती.

आता त्याला काय माहीत नव्हतं ते सांगते, कारण ते मला पुढे मॅडमकडून कळलं. वळूचं बीज कांडीत भरण्याआधी कुठल्यातरी मोठ्या केंद्रात तपासतात, त्यात औषधाचं पाणी घालून पातळ करतात, एका वेळच्या बीजाच्या कितीतरी कांड्या करतात. कांडीत उरतं ते थेंबभर. माझ्या नवऱ्याच्या हातात यायची ती तयार कांडी. ती तयार कशी होते हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा माणूस, आणि त्याला वाटत होतं की पीठही आपणच दळतो.

बीजं फोडायचं इंजेक्शन त्याने त्याच दिवशी रात्री दिलं. त्याच्या पेटीतलंच होतं ते. "गाईला देतो तेच आहे," तो म्हणाला. "गाय मोठी, तू लहान, म्हणून थोडं कमी देतो." यात त्याने काळजी घेतली असं त्याला मनापासून वाटत होतं.

मग दीड दिवस थांबून त्याने मला पेंडीच्या खोलीत बोलावलं. मी नको म्हणाले का? म्हणाले. दोनदा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नको तर नको. मी मावसबहिणीला फोन करते." आणि खरंच फोन घ्यायला गेल्या. मी पेंडीच्या खोलीत जाऊन टेबलावर आडवी झाले. दगडाखाली हात सापडला की माणूस दगडाशी भांडत नाही.

दुपारची वेळ होती. खिडकीवर पोतं टाकलं होतं. सासूबाईंनी टॉर्च धरला. त्याने गनचं प्लॅस्टिकचं आवरण घेतलं, ब्लेडने कापलं, कापलेलं टोक मेणबत्तीवर धरून गुळगुळीत केलं आणि मागे सिरिंज बसवली. त्याचा नमुना कपात होता, कप कोमट पाण्यात. हे सगळं तो फार नीट करत होता. नीटपणात त्याने कधी कसूर केली नाही. माझ्या कानाशी तागाच्या पोत्यांचा वास येत होता आणि मागे एक गाय दावं ओढत होती.

"हलू नकोस," तो म्हणाला. "हललीस तर टोचेल."

मी हलले नाही. किती दुखलं हे मी सांगणार नाही, कारण सांगून ते कुणाला कळत नाही. तोंडावर मी स्वतःचाच हात दाबून धरला होता. टॉर्चचा उजेड हलत होता आणि सासूबाई त्याला सांगत होत्या, "जरा खाली, खाली बघ." त्याने सिरिंजचा दट्ट्या हळूहळू दाबला.

"झालं," तो म्हणाला, आणि त्याने माझ्या कमरेवर दोन थापा मारल्या. सवयीने. मग आईला म्हणाला, "थोडा वेळ बसू देऊ नकोस हिला."

माझ्याशी तो काहीच बोलला नाही. गाईशी तरी दोन शब्द बोलायचा.

तो हात धुऊन येईपर्यंत मला कळ आली. पोटात कुणीतरी मूठ घालून पिळत होतं. मी टेबलावरून उतरले ती सरळ जमिनीवर. उलटी झाली, घाम फुटला, डोळ्यांसमोर काळं आलं. सासूबाईंनी माझी पाठ चोळली, म्हणाल्या, "रुजतंय ग, रुजतंय. धरलं की दुखतं." त्या आवाजात माया होती. त्या बाईच्या तोंडून मी पहिल्यांदा माया ऐकली आणि ती अशी ऐकली.

दुसऱ्या दिवशी ताप आला. तिसऱ्या दिवशी पोट टमटमून वर आलं. सासूबाईंना आनंद झाला. पोट वर यायला महिने लागतात, हे ज्या बाईने आयुष्यभर गाई पाळल्या तिला कळत नव्हतं असं मी मानणार नाही. पण हवं ते दिसत असलं की माणूस जास्त बघत नाही. त्याला मात्र कळलं होतं. तो येऊन माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचा, कपाळाला हात लावायचा, पेटीतलं काहीतरी टोचायचा आणि निघून जायचा. मी म्हणायचे, मॅडमकडे न्या. तो म्हणायचा, "नेऊन काय सांगू?"

एवढा एकच प्रश्न होता त्याच्यापुढे. मी मरेन का, हा नव्हता.

चौथ्या दिवशी गोठ्यात पाण्याच्या हौदाशी मी पडले. सकाळी दूध न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याने मला पाहिलं. त्याने कॅन तिथेच टाकले, या दोघांना शिव्या घातल्या आणि मला गाडीत घातलं. रस्ताभर माझं डोकं रिकाम्या कॅनवर आपटत होतं. त्या माणसाचे मी आजवर आभारही मानलेले नाहीत.

जाग आली तेव्हा मी मॅडमच्याच दवाखान्यात होते, पोटाला पट्टी होती, नाकात नळी होती आणि शेजारी माझा नवरा होता. तो रडत होता. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्याचे वडील गेले तेव्हाही तो संध्याकाळी एका गाईकडे जाऊन आला होता.

"माझं नाव घेऊ नकोस," तो म्हणाला. माझा हात त्याने दोन्ही हातांत धरला होता. "माझा परवाना जाईल. आत टाकतील मला. तू म्हण, मीच केलं. एकटीने. तुला कोण काय करणार आहे? तू आजारी आहेस." मग त्याने डोकं माझ्या हातावर टेकलं. "मी तुला सोडणार नाही. आई काही म्हणू दे. मूल नको मला. तू हवीस."

तू हवीस. इतक्या वर्षांत हे वाक्य त्याने पहिल्यांदा म्हटलं. बायको म्हणून कामाला हवी, आईला हाताखाली हवी, हे मला माहीत होतं. नुसती हवी, हे मी ऐकलं नव्हतं. नाकात नळी असताना ऐकलं. मला अजून माहीत नव्हतं की माझ्या पोटातून काय काढलं आहे. त्याला माहीत होतं.

ते मॅडमनी सांगितलं. दुपारी त्या स्टूल ओढून बसल्या, त्याला बाहेर जायला सांगितलं. पिशवी आतून सडली होती. पू सगळीकडे पसरला होता. पिशवी काढली, दोन्ही नळ्या काढल्या, बीजकोशही ठेवता आले नाहीत. त्या हे सांगत असताना मी छताकडे बघत होते. छतावर पंखा होता. त्याचं एक पातं वाकलेलं होतं.

"आत काहीतरी घातलं होतं," मॅडम म्हणाल्या. "कुणी घातलं?"

"मी."

"एकटीने?"

"एकटीने."

"कसं?"

"आरसा ठेवून."

"माझी हयात गेली या कामात. हे एकटीला जमत नाही. खरं सांगा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन." त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी मान फिरवली आणि म्हणाले, "मीच केलं म्हटलं ना."

मॅडम उठल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तेच मला धरावं लागेल." दारात जाऊन त्या बाहेर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "सांभाळा त्यांना." तो म्हणाला, "हो मॅडम." किती नम्रपणे म्हणाला.

घरी आल्यावर थोडे दिवस बरे गेले. तो फळं कापून आणायचा. औषधाची आठवण करायचा. सासूबाई खोलीत यायच्या नाहीत, पण टोमणेही मारायच्या नाहीत. मी मनात म्हणायचे, मूल गेलं, पण माणूस मिळाला. तेलही गेलं तूपही गेलं अशी गत झालेली आणि मी हातातल्या धुपाटण्याला कवटाळून बसले होते. मग फळं थांबली. मग तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. मग एक दिवस बाहेर दादाचा आवाज आला, आणि मला वाटलं, भेटायला आलाय.

मी भिंतीला धरून बाहेर गेले. दादा बसचा गणवेश घालूनच आला होता, टोपी मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेला बसला होता. समोर सासूबाई, बाजूला माझा नवरा, मान खाली घालून.

"तुमची बहीण तुम्ही घेऊन जा," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही काही म्हणत नाही. मूल होत नाही म्हणून काही आम्ही टाकत नव्हतो. पण डोक्यावर परिणाम झालेल्या बाईबरोबर मी एका घरात कशी राहू? आज स्वतःच्या पोटात घातलं, उद्या माझ्या ताटात घालेल."

"कुणी घातलं पोटात?" मी म्हणाले.

माझा नवरा मान वर न करता बोलला. "मी काही बोलणार नव्हतो. नमुना दवाखान्यात द्यायचाय म्हणाली म्हणून मी कपात दिला. मी कामावर गेलो. तिने माझ्या पेटीतलं सामान काढलं आणि दाराला कडी लावली. मॅडमसमोर तिने स्वतःच सांगितलंय सगळं."

हा शेवटचा शब्द उच्चारताना त्याचा आवाज भरून आला. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पण चोर रडतो हे मला नवीन होतं.

मग मी बोलले. सगळं बोलले. आपण खरं बोलतोय हे पटवायचं तर बारीकसारीक सांगावं लागतं, असं मला वाटलं. म्हणून मी सांगितलं, कुठल्या पोत्याने खिडकी झाकली. आवरण कुठल्या ब्लेडने कापलं, टोक मेणबत्तीवर कसं फिरवलं, सिरिंज मागून कशी बसवली, कप कोमट पाण्यात का ठेवला. आधी गाईचं इंजेक्शन दिलं आणि मग दीड दिवस का थांबावं लागलं. टॉर्च कुणी धरला, खाली बघ असं कोण म्हणालं. दट्ट्या सावकाश का दाबायचा, तेही सांगितलं. मला धाप लागली तरी मी थांबले नाही. बोलता बोलता मी दादाकडे बघत होते, आणि दादाची मान एकेका वाक्यागणिक खाली जात होती.

"ऐकलंत?" सासूबाई म्हणाल्या. "काय पाठ आहे!"

"रोज माझं काम बघायची," माझा नवरा हळूच म्हणाला. "मीच कौतुकाने दाखवायचो. माझंच चुकलं."

त्याने मला कधी काही दाखवलं नव्हतं. त्याच्या पेटीला हात लावायची मला बंदी होती. मी ते ओरडून सांगितलं. ओरडले म्हणून टाके ओढले गेले आणि मी पोट धरून खाली बसले. मग मला एकदम आठवलं, आणि मी म्हणाले, "दादा, मॅडमना विचार. त्यांना माहीत आहे एकटीला जमत नाही. त्याच म्हणाल्या."

"विचारलं मी," दादा म्हणाला. "तिकडूनच आलो. त्या म्हणाल्या, तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिने स्वतःचंच नाव सांगितलं. त्यापुढे मी काही बोलू शकत नाही, म्हणाल्या."

"मी यांच्यासाठी तसं म्हणाले. हे रडले म्हणून म्हणाले. दादा, माझ्याकडे बघ ना."

दादाने टोपी डोक्यावर घातली आणि उठला. मला वाटलं, माझ्याकडे येतोय. मी त्याला हात देण्यासाठी हात वर केला. तो माझ्या बाजूने पुढे गेला, माझ्या नवऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याने हात जोडले.

"माफ करा," दादा म्हणाला. "आमच्या पोरीने तुमचं घर बुडवलं."